कुत्र्याच्या नावाने

सासऱ्यांनी बुटाची नाडी तिसऱ्यांदा सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. पाच महिने बूट दाराआड पडून होते; तेवढ्या काळात चामडे ताठ झाले होते आणि नाडी बांधणारी बोटेही. सून समोरच्या खुर्चीत बसून नुसती पाहत होती. उठून मदत करण्याची सोय नव्हती, कारण तिचा उजवा पाय थंड पाण्याच्या बादलीत होता. काल संध्याकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीने दगा दिला आणि घोटा वांग्यासारखा जांभळा झाला.

"बाबा, राहू द्या ना आज. सोमवारी मी जाईन."

"सोमवारी तू या पायावर उभी राहिलीस, तर मी चमत्कारांवर विश्वास ठेवीन. पिशवी कुठंय?"

"खिळ्याला. निळी. पण तीन जिने आहेत, बाबा."

"उतरताना जिने माझ्या बाजूने असतात. काय मागायचं त्याच्याकडं?"

प्रश्न अगदी साधा होता. तिने बादलीतल्या पाण्याकडे पाहिले.

"मागायचं काही नाही. निळी पिशवी पुढं करायची. ओळखतो तो. हाडं भरून देईल."

"पैसे?"

"दिलेत आधीच."

खोटे बोलण्याची तिला सवय होती. निदान पगारी सवय होती. दातांच्या दवाखान्यात दाराजवळच्या टेबलाशी बसून ती आठवड्याचे पाच दिवस लोकांना सांगत असे, की डॉक्टर पाच मिनिटांत येतील आणि अजिबात दुखणार नाही. पण हे वाक्य ज्यांच्यापुढे उच्चारले, त्यांच्यापुढे दवाखान्यातला आवाज टिकत नसे. सासरे उभे राहिले, त्यांनी भिंतीला हात टेकला, टेकलाच नव्हता अशा थाटात काढून घेतला आणि दार ओढून ते निघाले. जिन्यावर पाऊल वाजले, थांबले, पुन्हा वाजले.

या माणसाने एका शब्दापायी आपले म्हातारपण टांगून ठेवले होते. एकतीस वर्षे त्यांनी एका संस्थेसाठी शब्दकोश रचला. 'ष' संपून 'स' सुरू होण्याच्या बेतात असताना संस्थेला नवे संचालक लाभले. हे गृहस्थ विद्वान होते, असे त्यांच्या दारावरच्या पाटीत नमूद होते. शब्दकोशाचा उपयोग त्यांनी आयुष्यात एकदाच केला असावा, उंच कपाटावरचा खोका काढताना पायाखाली घ्यायला. जगात पुरेसे शब्द झाले, असा त्यांनी निर्णय दिला आणि कोश बंद पडला. मग एक कागद आला: 'प्रकल्प पूर्ण झाला आहे', आणि खाली मुख्य संपादकाच्या सहीसाठी रिकामी जागा. सही होताच निवृत्तिवेतन सुरू होणार होते. कोशकारांनी कागद वाचला, 'पूर्ण' या शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली, समासात 'अपूर्ण' असे लिहिले आणि तो परत पाठवला. तो कागद सात वेळा गेला आणि सात वेळा आला. संस्थेला घाई नव्हती. संस्थांना न्यूमोनिया होत नाही. कोश 'ष'वर थांबला तो थांबलाच. सत्य, समाधान, सून आणि सूप हे चारही शब्द त्याच्या बाहेर राहिले.

न्यूमोनिया सासऱ्यांना झाला. त्यातून ते उठले, पण जेवण त्यांच्यावर रुसले ते कायमचे. घास फिरायचा तोंडात, आत जायचा नाही. डॉक्टरांनी वजनाचा काटा पाहिला आणि म्हणाले, "अन्न जात नसेल तर सूप द्या. पण कसदार हवं. नाहीतर—" आणि पुढचे वाक्य त्यांनी औषधांच्या कागदावर काहीतरी खरडून संपवले. त्याच महिन्यात तिच्या नवऱ्याच्या कारखान्याने कामाचे दिवस सहावरून तीनवर आणले होते. या प्रकाराला कारखान्याने 'लवचीक वेळापत्रक' असे नाव दिले होते. उरलेल्या दिवसांत तो मिळेल ते काम शोधत गावभर फिरत असे.

पाकिटातले सूप तिने एकदा करून पाहिले. मिठाचे पाणी, आणि पाकिटावर कोंबडीचे रंगीत चित्र. सासऱ्यांनी एक चमचा घेतला आणि वाटी दूर सरकवली.

"चित्र चांगलं आहे," ते म्हणाले.

मग दवाखान्यातल्या एका जुन्या मासिकात तिला स्टॉक, म्हणजे हाडे आणि भाज्या शिजवून काढलेला कसदार अर्क, करण्याची रीत सापडली. कोंड्याचा मांडा करायची विद्या ज्या बायकांच्या हाती असते, त्यांना रीत वाचावी लागत नाही, आधार मिळाला की पुरते. तिने फ्रीजरमध्ये एक डबा ठेवला. त्यात आठवडाभर गाजराची टोके, कांद्याची वरची साले, टोमॅटोचे देठाकडचे तुकडे, मक्याची कणसे दाणे काढून झाल्यावर, असे सगळे जमत गेले. शनिवारी हाडे यायची. ती हाडे तव्यावर तांबूस होईपर्यंत भाजायची, मोठ्या पातेल्यात गार पाण्यात घालायची आणि आच इतकी मंद ठेवायची, की पाण्याला उकळी फुटल्यासारखी वाटावी पण फुटू नये. वर येणारा करडा फेस चमच्याने काढत राहायचा. घाई केली की पाणी गढूळ होते, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळले. दुपारी भाज्यांचा डबा त्यात रिकामा करायचा, दोन तमालपत्रे, आठ-दहा मिरे. संध्याकाळी गाळून घेतलेले पाणी सोनेरी दिसे, आणि सकाळी फ्रीजमधून काढले की पातेले हलवल्यावर थरथरे. वर चरबीचा पांढरा थर धरलेला असे. तो वेगळा काढून फोडणीला. खालचे त्यांचे सूप, त्यातच शिजवलेला मऊ भात, आणि उरेल ते बर्फाच्या साच्यात घालून मधल्या दिवसांसाठी.

सासरे ही वाटी मात्र पूर्ण करत. अट एकच, की ती वाफाळती असावी. पाच महिन्यांत वजनाचा काटा साडेतीन किलो वर सरकला होता. गेल्या महिन्यात तर त्यांनी वर्तमानपत्रावर पुन्हा ओरडायला सुरुवात केली होती, आणि घरातल्या सगळ्यांना हायसे वाटले होते.

फक्त हाडांच्या बाबतीत एक अडचण होती. ती फुकट होती, आणि ती कुत्र्याची होती.

म्हणजे झाले असे. पहिल्या शनिवारी मटणवाल्याच्या दुकानात तिच्या शेजारी खालच्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या. कोणाच्या घरातली कोणती भांडी विकली गेली, याची खबर ज्यांना भांड्यांच्या आधी लागते, अशांपैकी एक. तिने मान खाली घालून विचारले, "दादा, उरलेली हाडं मिळतील?" त्या बाईंनी मान वळवली. आणि तिच्या दवाखान्यात तयार झालेल्या जिभेने परस्पर उत्तर दिले, "कुत्र्यासाठी."

त्यांच्या घरात कुत्रा नव्हता. मांजरही नव्हते.

खोटे एकदा बोलता येते, पण मग ते पोसावे लागते. मटणवाला प्राणीप्रेमी निघाला. पुढच्या शनिवारी त्याने सत्तूर बाजूला ठेवून विचारले, "काय म्हणतो आपला कुत्रा? आवडली का हाडं?" आता कुत्र्याबद्दल तिला काहीच ठाऊक नसल्यामुळे तिने घरातला जो जीव जवळ होता त्याच्याकडून उसने घेतले. गुडघे गेलेत म्हणाली. डावीकडचे दात नाहीत. थंड दिलं तर वाटी ढकलतो. वर्तमानपत्र आलं की गुरगुरतो. त्याच्या खुर्चीवर कोणी बसलेलं चालत नाही. दर आठवड्याला मटणवाला 'म्हातारा कसा आहे?' असे विचारी आणि दर आठवड्याला कुत्रा थोडा थोडा सासऱ्यांसारखा होत जाई.

एका शनिवारी तो म्हणाला होता, "एवढं करता ताई, खूप झालं. इतका थकलाय तर डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन टाका की. सुटेल बिचारा, तुम्हीही सुटाल."

"काहीतरीच काय बोलता!" ती एवढ्या जोराने म्हणाली, की तीन गिऱ्हाइकांनी वळून पाहिले. "तो खिडकीत बसलेला दिसला तर मला घरी आल्यासारखं वाटतं."

त्यानंतर मटणवाल्याने तो विषय काढला नाही. हाडे मात्र जास्त येऊ लागली. नळ्या पहिल्यापासूनच मधोमध तोडलेल्या असत, आतला गर दिसेल अशा; ती त्याच्या सत्तुराची सवय असेल, असे तिला वाटले.

आणि आता सासरे स्वतः निळी पिशवी घेऊन तिकडे गेले होते. तो विचारणार, कुत्रा कसा आहे. हे सांगणार, आमच्याकडे कुत्रा नाही. हे सांगायला त्यांना क्षणभरही लागणार नव्हता. सात वेळा आलेल्या कागदाला जितका लागला तितकाच. मग त्यांना कळणार, की पाच महिने आपण जे प्यालो ते मागून आणलेले होते, आणि तेही कुत्र्याच्या नावाने. गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याने फळांची करंडी पाठवली होती, सोबतच्या चिठ्ठीत 'छोटीशी मदत' असे दोन शब्द होते. करंडी त्याच दुपारी परत गेली आणि सासरे दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा अंगात ताकद होती, दोन दिवस परवडले. आता वाटी बंद झाली तर डॉक्टरांचे ते अर्धे राहिलेले वाक्य पुरे होणार होते. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे खोटे तिचे होते आणि कपाळ त्यांचे.

तिने मटणवाल्याला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. शनिवारी सकाळी त्याचे हात रिकामे नसतात, हे ठाऊक असूनही तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. पाचव्यांदा उचलला गेला.

"ताई, गर्दी आहे, मागनं बोलतो—"

"दादा, एक मिनिट, ऐका, ते आमचे—"

मागे कोणीतरी खोकले. तो खोकला तिने पाच महिने भिंतीपलीकडून ऐकला होता. फोन बंद झाला.

त्यानंतरचा अर्धा तास तिने पाय बादलीत ठेवून काढला. बादलीतले पाणी कोमट झाले. दूधवाला येऊन गेला, रस्त्यावरून कोणीतरी मुलाला दोनदा हाक मारली. मग जिन्यावर पाऊल वाजले, थांबले, वाजले. दुसऱ्या मजल्यावर बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. ती उठायला गेली आणि कळ आल्याने पुन्हा बसली.

सासरे आत आले. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. आपल्या खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले.

"मटणवाला बोलका आहे," ते म्हणाले.

"हो. जरा आहे."

"निळी पिशवी बघून म्हणाला, 'आज ताई नाहीत? आणि म्हातारा कसा आहे?' मी म्हटलं, बरा आहे. मला वाटलं, माझीच चौकशी चाललीय."

सुनेने बादलीतला पाय जरा हलवला.

"एकेरीत विचारणं उद्धटपणाचं वाटलं, पण दुकानदार आहे, सोडून दिलं. मग म्हणाला, 'गुडघे?' मी सांगितलं, जिने चढताना त्रास देतात. 'दात?' सांगितलं, डावीकडचे गेले. 'थंड दिलं तर अजून वाटी ढकलतो का?' आता हे त्याला कुठून कळलं, म्हणून मी चकित झालो. पण खरं होतं. म्हटलं, ढकलतो."

चष्मा स्वच्छ झाला होता. ते पुसतच राहिले.

"मग त्याने विचारलं, 'शेपूट हलवतो का आता?'"

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज होतो, हे सुनेला इतक्या वर्षांत प्रथमच समजले.

"तिथं मी थांबलो," सासरे म्हणाले. "चार माणसं रांगेत होती. खालच्या त्या बाईसुद्धा होत्या, कान टवकारून. एकतीस वर्षं मी शब्दांचे अर्थ लावत आलोय, तेवढा अर्थ लावायला वेळ लागला नाही."

"बाबा... मग काय म्हणालात तुम्ही?"

सासऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"म्हणालो, 'क्वचित.'"

तिने तोंडावर हात धरला. आतून जे येत होते ते हसू होते की दुसरे काही, हे तिलाही सांगता आले नसते. सासरे खिडकीबाहेर पाहत होते.

"पैसे मी पुढं केले होते," ते म्हणाले. "तू आधी दिलेत म्हणालीस, ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणाला, 'माणसाकडून घेतले असते आजोबा, कुत्र्याकडून काय घ्यायचे?' तोपर्यंत मी कुत्रा मान्य करून बसलो होतो. युक्तिवादाला जागा उरली नाही."

"रागावलात?"

"इंजेक्शनाचाही विषय निघाला," ते म्हणाले. उत्तर हे नव्हते, पण त्यांनी दुसरे दिले नाही. "तू त्याला काय सुनावलंस, तेही त्याने सांगितलं. सगळ्या दुकानाला सांगितलं."

सून बादलीत पाहू लागली. मग सासरे उठले, तिच्या पायाशी वाकले, गुडघ्यांनी केलेली तक्रार त्यांनी कानाआड केली आणि बादलीची कडी धरली.

"पाय काढ. गार राहिलं नाही हे. बदलून आणतो."

"अहो बाबा, तुम्ही कशाला..."

"गुरगुरायला लावू नकोस."

बादली बदलून झाल्यावर त्यांनी पिशवी ओट्यावर उपडी केली आणि एकेक हाड उचलून, जुने हस्तलिखित तपासावे तसे, डोळ्यांजवळ धरून पाहिले.

"ही तोडलीत कशी, पाहिलंस कधी?"

"तो तोडूनच देतो. नेहमी."

"सगळी एका मापाची. तुझ्या त्या मोठ्या पातेल्यात आडवी मावतील अशी. कुत्र्याला कोणी हाड तोडून देत नाही, सूनबाई. कुत्र्याला तेवढंच तर काम असतं."

तिने त्यांच्या हातातल्या नळीकडे पाहिले. पाच महिन्यांच्या वीसएक शनिवारी, प्रत्येक हाड.

"म्हणजे त्याला..."

"पहिल्या महिन्यापासून असावं. सगळं माहीत असून तो विचारत होता, आणि सगळं माहीत झाल्यावर मी सांगत होतो. त्या दुकानात तेवढ्या वेळात कोणी कोणाला फसवलं नाही." ते थांबले. "संचालकांना हा प्रकार समजावून सांगता येणार नाही."

पहिल्यांदाच तिने पाठ खुर्चीला टेकवली. जीव भांड्यात पडणे म्हणजे काय, हे तिला माहीत होते, पण ते इतके शब्दशः ओट्यावर मांडलेले तिने कधी पाहिले नव्हते.

तव्यावर हाडे भाजण्याचे काम सासऱ्यांनी केले. ती खुर्चीतून सूचना देत राहिली आणि ते त्यांतल्या निम्म्या सूचनांना हरकत घेत राहिले. पाणी तापू लागले. फेस वर येताच त्यांनी चमचा घेतला आणि तो अशा काटेकोरपणे काढू लागले, की जणू प्रत्येक बुडबुडा म्हणजे छापखान्यातून आलेली चूक होती.

"वय काय सांगितलंयस त्याचं?" पातेल्यावरची नजर न काढता त्यांनी विचारले.

"कोणाचं?"

"कुत्र्याचं."

"चार वर्षं."

"चार!" चमचा हवेत राहिला. "चार वर्षांच्या कुत्र्याचे गुडघे जातात? दात पडतात? म्हणूनच ओळखलं त्याने. मी आज नऊ सांगितलंय. रंग?"

"करडा. पांढऱ्याकडं झुकणारा."

"ते दिसतंच आहे. नाव?"

"नाव नाही विचारलं कधी त्यांनी."

"विचारेल. लस टोचली का, हेही विचारलंय. मी म्हटलं, कागद बघून सांगतो. पुढच्या शनिवारी मीच जाणार आहे." त्यांनी फेस वाटीत झटकला. "खोटं बोलायला माझी हरकत आहेच. पण बोलायचंच तर संदर्भ जुळले पाहिजेत. हा ढिसाळपणा आपल्या घरात चालायचा नाही."

चमचा तिच्या हाती देऊन ते आतल्या खोलीत गेले. पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात बुटाचा खोका होता, आणि त्यात कोशाची कोरी कार्डे. संस्था सोडून आल्यापासून त्या खोक्यावरची सुतळी सुटली नव्हती. त्यांनी एक कार्ड टेबलावर ठेवले, तळहाताने सरळ केले, आणि कोशातल्या प्रत्येक नोंदीसाठी जसे लिहीत आले, तशाच बारीक, उभ्या अक्षरांत लिहायला सुरुवात केली. वय. रंग. दात. गुडघे. आहार: वाफाळता, एरवी नाही.

"स्वभाव?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"तो तुम्हीच लिहा," सून म्हणाली.

त्यांनी काहीतरी लिहिले, ते तिला दिसू नये म्हणून डाव्या हाताचा आडोसा धरून. पातेल्यातून भाजक्या हाडांचा वास येऊ लागला होता. कार्ड भरले. सासऱ्यांनी ते डोळ्यांपासून दूर धरून एकदा वाचले, खिशातून लाल पेन्सिल काढली, आणि उजव्या कोपऱ्यात, चालू असलेल्या कामावर लिहायचे तसे, नीट लिहिले: अपूर्ण.